तीन डबे मोडून एक गाडी

मंडळी, अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "सहा महिने तिकडे केलंत काय?" डिस्नेलँड पाहिलं का, ग्रँड कॅनियनला गेला होतात का, आणि लास व्हेगास..? (हे तिसरं विचारताना काहींच्या चेहऱ्यावर जरा मिश्किल भाव!) मी आपलं खरं सांगतो. गाडी बांधली. जेमतेम सहा इंच लांबीची, प्लास्टिकची. यावर समोरचा माणूस "वा वा, छान!" म्हणून विषय बदलतो. शहात्तराव्या वर्षी म्हातारा खेळण्यांत रमला, असंच त्याला वाटत असणार. वाटो बापडं.

पण त्या गाडीपायी माझं एक मत बदललं आणि त्यावरून घरात थोडी कुरबुरही झाली. काही नातेवाईक अजून माझ्याशी जरा तुटकच बोलतात. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहून टाकावं. म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगायला नको.

तर सांगायचं म्हणजे, २०२४ च्या ऑक्टोबरात मी चिरंजीवांकडे गेलो ते २०२५ च्या मार्चात परत आलो. त्यांचं घर लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोना नावाचं गाव आहे त्याच्याजवळ. मुलगा-सून सकाळी कामावर, नातू शाळेत. मग घरात मी आणि फ्रीजचा आवाज. ज्यांनी हा अनुभव घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको! चौथ्या-पाचव्या दिवशी चालायला निघालो तर शेजारच्या घराचं गॅरेज उघडं, आत एक वृद्ध गृहस्थ दिवा लावून टेबलाशी वाकून बसलेले. मी हात केला, त्यांनी हात केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक खुर्ची पुढे सरकवली.

वय चौऱ्याऐंशी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुलं दूरच्या राज्यांत. मी शिक्षक होतो हे कळल्यावर ते मला कायम 'टीचर' म्हणू लागले. मी त्यांना मनातल्या मनात 'बुवा' म्हणत असे, इथेही तेच म्हणतो. माझं इंग्रजी पाठ्यपुस्तकातलं, त्यांचं भरभर आणि अर्धं गिळलेलं. पण समोर वस्तू असली की भाषेवाचून फारसं अडत नाही.

गॅरेजच्या एका अख्ख्या भिंतीला फळ्या ठोकलेल्या आणि त्यांवर छतापर्यंत डबे. मोटारींची जुळणी करायची किट. प्रत्येक डब्यात प्लास्टिकच्या फांद्यांना लगडलेले शंभरेक भाग, एक सूचनापत्रक आणि वर झोकदार चित्र. प्रमाण पंचविसास एक, म्हणजे खऱ्या गाडीचा पंचविसावा हिस्सा. त्यातले पुष्कळसे डबे न उघडलेले, वरचा पातळ कागदसुद्धा तसाच. आणि बुवा काय करत होते? एक कोराकरकरीत डबा फोडून त्यातली बॉडी तेवढी काढून घेत होते, बाकी सगळं बाजूला. मग दुसरा डबा फोडला. त्यातली नुसती चासी घेतली.

मला धस्सच झालं हो! आमची पिढी म्हणजे पाकिटं उलटी करून आतल्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिणारी. पेन्सिल दोन बोटांच्या पेराएवढी उरली की बोरूच्या नळीत खोचून वापरणारी. आणि इथे एका गाडीसाठी दोन धडधाकट किट वाया. शिवाय तिसरंही लागणार, हे बुवांनी शांतपणे सांगितलं. "तीन मोडून एक?" मी विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "टीचर, ती गाडी खरी जन्मालाच तशी आली."

आता ही 'ती गाडी' काय भानगड, ते सांगायला हवं. तिला हॉट रॉड म्हणतात. मला आधी वाटलं एखाद्या कंपनीचं नाव असेल. तर नाही. हॉट रॉड कुठल्याही कारखान्यात तयार होत नव्हती. ती पोरं घरी, गल्लीत, पेट्रोलपंपामागे बांधायची. १९३० च्या दशकात तिकडे मंदी होती. फोर्डच्या जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए गाड्या भंगाराच्या भावात मिळायच्या. मॉडेल ए १९२८ ते १९३१ या वर्षांतली, इंजिन चार सिलिंडरचं आणि ताकद ४० अश्वशक्ती. मग १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन आणलं, ६५ अश्वशक्तीचं. तो अख्खा ठोकळा एकसंध ओतलेला. इतक्या स्वस्त गाडीत असलं इंजिन कुणी दिलं नव्हतं. काही वर्षांत ही इंजिनंही भंगारात येऊ लागली आणि पोरांचं फावलं. हलकी जुनी बॉडी, त्याखाली १९३२ ची मजबूत चासी आणि पुढे व्ही-८. मडगार्ड काढून टाकायचे, बोनेट काढून टाकायचं, वजन कमी. मग लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावीच्या वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर, म्युरॉक, एल मिराज अशा ठिकाणी पहाटे जायचं आणि सपाट मातीवर गाडी पळवायची. १९३७ साली या मंडळींच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. एल मिराजला त्यांच्या शर्यती आजही होतात.

युद्धानंतर तर हे प्रकरण फारच फोफावलं. सैन्यात यंत्रं दुरुस्त करायला शिकलेली पोरं परत आली, खिशात थोडे पैसे आले आणि युद्धातलं उरलंसुरलं सामान बाजारात आलं. बिल बर्क नावाच्या गृहस्थाने तर १९४६ मध्ये लढाऊ विमानाच्या पोटाखाली लटकवायची पेट्रोलची टाकी घेऊन तिचीच शर्यतीची गाडी केली! बुवा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांचा थोरला भाऊ त्यांना एल मिराजला घेऊन जायचा. त्यांना आठवते ती मुख्यतः धूळ, आणि घरी गेल्यावर आईने दोघांना अंगणातच उभं करून नळीने धुतलेलं. भावाची गाडी म्हणजे १९२९ च्या मॉडेल ए ची उघडी रोडस्टर बॉडी, १९३२ ची चासी आणि पुढची जाळी, आणि इंजिन एका अपघातात चेपलेल्या १९४० च्या फोर्डमधलं. ब्रेकही त्याच गाडीचे. कारण जुन्या गाड्यांचे ब्रेक दांड्यांवर चालायचे, फोर्डने तेलाचे ब्रेक १९३९ साली आणले. वेग वाढवला तर थांबायची सोय नको का?

ती गाडी भावाने पुढे विकली. नंतर भाऊही गेला. बुवांना ती छोट्या प्रमाणात पुन्हा बांधायची होती. ती कुठल्याही एका डब्यात मिळणार नव्हती, कारण मूळ गाडीच तीन गाड्यांची होती. हे ऐकल्यावर माझी वाया-वायाची ओरड बरीच मवाळ झाली.

या छंदातही आपल्यासारखेच पंथ आहेत, बरं का. एक पंथ म्हणतो, डब्यातले भाग, पत्रकातल्या सूचना, तेवढंच करायचं. दुसऱ्या किटमधला खिळाही चालायचा नाही. मी या लोकांना नावं ठेवणार नाही. मुळाक्षरं गिरवल्याशिवाय अक्षर येत नाही. पण आयुष्यभर कित्ताच गिरवायचा? दुसरा पंथ डबे न उघडता जपणाऱ्यांचा. चिकटपट्टीसुद्धा मूळची हवी, किंमत त्यावर ठरते. तिसऱ्यांचं म्हणणं, काहीही कशालाही जोडा, गंज रंगवा, कवट्या लावा, झाली हॉट रॉड.

मला सगळ्यात जास्त वाद या तिसऱ्या पंथाशी घालायचाय. बुवांबरोबर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोमोनाला रोडस्टर गाड्यांचं मोठं प्रदर्शन पाहिलं (हे १९५० साली ओकलंडला सुरू झालं, २००४ पासून पोमोनाला भरतं). तिथे एकेका गाडीसमोर उभं करून ते माझी परीक्षाच घ्यायचे. हे चाक कुठल्या सालचं? हा मागचा लाल दिवा? थेंबाच्या आकाराचा आहे, म्हणजे १९३९ च्या फोर्डचा. परंपरागत हॉट रॉडचा नियम असा की आपण एक साल ठरवायचं आणि त्यानंतर निघालेलं काही गाडीवर लावायचं नाही. आमचं साल १९५२. म्हणून शेव्हर्लेचं छोटं व्ही-८ इंजिन, जे १९५५ ला आलं आणि ज्याने पुढे फोर्डच्या इंजिनाला या गाड्यांतून हुसकावून लावलं, ते आम्हाला वर्ज्य. टायरसुद्धा त्या काळचेच, रेडियल चालणार नाहीत. सरमिसळ आहे, पण प्रत्येक तुकड्याला गाव आहे, साल आहे आणि तो तिथे असायला कारण आहे. गंज लावलेली ती तिसऱ्या पंथाची गाडी पाहून बुवा म्हणाले, त्या काळात आम्ही नुसत्या अस्तराच्या रंगावर गाडी फिरवायचो ती पुढच्या रंगाला पैसे नसायचे म्हणून. पगार झाला की पहिलं काम रंगाचं!

पगार हा शब्द मीच घातला. आणि बघा, तो पोर्तुगीज. घमेलं पोर्तुगीज, बटाटाही. तारीख अरबी, टेबल इंग्रजी. तरी आपण 'टेबलावर', 'पगाराला', 'तारखेचा' म्हणतो, कारण खालची चासी मराठीची. छत्तीस वर्षं मुलांना शब्दांची ही कुळं शिकवली, पण सरमिसळ म्हणजे गबाळेपणा नव्हे, हे एका अमेरिकन म्हाताऱ्याच्या गॅरेजात इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं. असो. मास्तरकी सुटत नाही.

गाडीकडे वळतो.

बुवांना सगळं माहीत, पण त्यांचा उजवा हात कापतो. चिमट्यात धरलेला तुकडा टेबलावर टिकटिक वाजायला लागतो इतका. माझा हात अजून स्थिर आहे. फळ्यावर सरळ ओळीत लिहिण्याची सवय कुठेतरी कामी आली म्हणायची. त्यामुळे दुसऱ्याच आठवड्यात ठरून गेलं की डोकं त्यांचं आणि बोटं माझी.

पहिली गंमत मापाची. पंचविसास एक या प्रमाणात एक इंच म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक मिलिमीटर होतो. मॉडेल ए च्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर साडेएकशे तीन इंच, १९३२ च्या फोर्डचं एकशे सहा. फरक अडीच इंचांचा, म्हणजे आपल्या टेबलावर अडीच मिलिमीटर. तेवढाच, पण सगळं गणित त्यातच. बॉडी किती मागे बसवायची, इंजिनाला जागा किती उरणार, पुढची जाळी कुठे येणार. मला वाटलं सोपं आहे. बुवा आत कॉफी आणायला गेले तेवढ्यात फळीवरून एक १९३२ ची चासी उचलली, बॉडीचा तळ कापून टाकला आणि जुळवायला लागलो. कुठेच जुळेना! चार-साडेचार मिलिमीटरचा घोळ. बुवा आले, चासी हातात घेऊन उलटी केली आणि मोठ्याने हसले. ती चोविसास एकची होती. सगळ्या कंपन्यांचं प्रमाण एक नसतं. डब्यावर लिहिलेलं असतं, पण मास्तरांनी वाचायला हवं ना. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून ओरडलो, त्याची आठवण झाली.

बरोबर चासी घेतल्यावरही बॉडी तिच्यावर आपसूक बसत नाही. बॉडीची खालची कड सरळ आणि चासी मागच्या बाजूला वर वळलेली. थोडं घासायचं, ठेवून बघायचं, पुन्हा थोडं घासायचं. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, आधी चारशे नंबरचा, मग सहाशे, मग हजार. मला हे काम फार आवडलं. १९३२ च्या चासीचं कौतुक का, तेही तेव्हाच कळलं. मडगार्ड काढले की चासी उघडी पडते. पण या एका सालच्या चासीला बाजूने एक सुंदर रेघ उमटवलेली असते, त्यामुळे उघडी पडली तरी ती ओशाळवाणी दिसत नाही.

मॉडेल ए ची पेट्रोलची टाकी कुठे होती माहीत आहे? चालवणाऱ्याच्या गुडघ्यांच्या वर, समोरच्या पत्र्याआड! पोरं ती काढून मागे न्यायची. आम्हीही नेली. कुणाला दिसणार आहे, असं मी म्हटलं, तर बुवा म्हणाले, "मला माहीत असेल."

प्लास्टिक चिकटवायला जे पातळ द्रव वापरतात तो गोंद नव्हे. ते दोन्ही कडा किंचित विरघळवतं आणि कडा एकमेकींत मिसळून वाळतात. मग सांधा मोडायचा म्हटलं तरी सांध्यावर मोडत नाही, दुसरीकडे मोडतो. फक्त चकचकीत मुलामा दिलेल्या भागांवर ते धरत नाही. मुलामा आधी घालवावा लागतो, धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून. माझी सूनबाई दोन दिवस ब्लीचची बाटली शोधत होती. तिला हे आत्ता वाचूनच कळेल! फटींत लांबी भरायची, वाळली की खाली बसते, पुन्हा भरायची. वायरी हव्या असतील तर त्याच प्लास्टिकच्या उरलेल्या काडीला मेणबत्तीवर तापवून ओढायचं, केसासारखी तार निघते.

नातवाला यात रस नव्हता. त्याचं वय चौदा, त्याला आजोबांची दया येत होती. एकदा बुवांनी त्याला सहज सांगितलं की १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या अवकाशयानांच्या प्रतिकृतींवर जी बारीक यंत्रसामग्री दिसते ती रणगाड्यांच्या, विमानांच्या अशाच किटमधले तुकडे चिकटवून केलेली होती. त्या दिवसापासून पोरगा शनिवारी येऊन बसायला लागला. फार काही करत नव्हता, पण बसत होता.

डिसेंबरअखेर बॉडी, चासी, पुढचा खाली झुकवलेला अॅक्सल, मागे मोठी चाकं, पुढे छोटी, हे सगळं न चिकटवता नुसतं टेपने धरून उभं केलं. बुवा टेबलाच्या पातळीवर हनुवटी टेकवून एक डोळा मिटून पाहत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, मागे एक मिलिमीटर जास्त उंच आहे. होता!

आता उरलं इंजिन. म्हणजे तिसरा डबा.

तो त्यांनी घरातून आणला, गॅरेजातल्या भिंतीवर तो नव्हताच. १९४० च्या फोर्डचं किट, वरचा पातळ कागद पिवळा पडलेला. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात बायकोने दिलेला. गंमत अशी की तोच डबा त्यांनी स्वतः आदल्या आठवड्यात विकत आणला होता. ते तिला सांगवेना, म्हणून स्वतःचा गुपचूप बांधला आणि तिचा तसाच ठेवला. तिला हे पुढे कळलं का, तर कळलं, आणि आयुष्यभर चेष्टेला पुरलं. तो डबा त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि कटर माझ्या हातात दिला. "तुम्ही कापा, टीचर. माझा हात घसरेल."

मी नाही म्हटलं. इंजिन दुसऱ्या कुठल्या डब्यातलं घेऊ, तुमच्याकडे काय कमी आहेत? ते काही बोलले नाहीत. मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. खरं सांगायचं तर मला राग आला होता. माणसाने एवढं निष्ठुर व्हावं?

चौथ्या दिवशी तेच आले. आमच्या स्वयंपाकघरात बसले, चहा घेतला (साखर तीन चमचे). मग जे म्हणाले ते साधारण असं. मी गेल्यावर मुलं हे सगळे डबे विकणार. विकूदेत, त्यासाठीच ठेवलेत. पण विकत घेणाऱ्याला हा डबा आणि शेजारचा डबा एकच. तो याला त्याच भावाने घेईल, किंवा कागद पिवळा पडला म्हणून दोन डॉलर कमी देईल. हा कुठला डबा आहे हे माहीत असलेला माणूस जगात आता एकच आहे. तेव्हा तो उघडायचा तर आत्ताच.

मी कापला. वरचा कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. आतल्या फांदीवरून इंजिनाचे दोन अर्धे भाग, दोन हेड आणि पुढचा पंखा सोडवायला मला पाऊण तास लागला. कुठेही टवका उडाला नाही.

आता घरगुती भाग. ज्यांना नको असेल त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

आमची ही जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या साड्या वाईच्या घरी तिच्याच कपाटात आहेत. दर दिवाळीला मी त्या उन्हात घालतो, डांबराच्या गोळ्या बदलतो आणि पुन्हा तशाच ठेवतो. भारी साड्या सुनेला आणि पुतण्यांच्या बायकांना केव्हाच दिल्या, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही. राहिल्या त्या रोजच्या, सुती. शाळेत जाताना नेसायची त्या, कारण तीही शिक्षिका. इरकली दोन, बाकीच्या साध्या, काहींना खडूचे पुसट डाग. या कुणी नेसणार नाही आणि कुणाला देववतही नाहीत. परत आल्यावर एप्रिलमध्ये मी ठरवलं की त्यांच्या वाकळी शिवून घ्यायच्या. गोधडी म्हणा हवं तर. आमच्याकडे वाकळ म्हणतात.

धाकट्या बहिणीने फोनवर रडून घेतलं. "दादा, वहिनीच्या साड्यांना कात्री लावणार तू?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिचा मुद्दा खरा आहे, आणि मी स्वतःशी तो पुष्कळ घोळवला. किट दुसरं मिळतं. कारखान्यात एका साच्यातून हजारो निघतात. हिची निळी इरकली दुसरी मिळणार नाही. प्लास्टिकच्या गाडीवरून साडीचा निर्णय घेणं हा पोरकटपणा आहे, असं भाऊजींनीही ऐकवलं. तेही ऐकून घेतलं.

पण भाऊजी, बुवांचा तो तिसरा डबाही दुसरा मिळणारा नव्हता, आणि तो कापायला नेमकं तेच कारण होतं. माझ्यानंतर हे कपाट कोण उघडेल? चिरंजीव येतील पंधरा दिवसांच्या रजेवर. त्यांना घर आवरायचं असेल. या ढिगातली कुठली साडी हिने १९८९ च्या पुराच्या वर्षी शाळेत रात्र काढली तेव्हा अंगावर होती, आणि कुठली नुसतीच बाजारातून आणून एकदा नेसलेली, हे त्यांना कसं कळावं? सगळ्या एका गाठोड्यात बांधून कुठल्यातरी संस्थेत जातील. त्यात वाईट काही नाही. पण माहीत असलेला माणूस अजून जिवंत आहे तोवर त्याने स्वतः निवडून, स्वतःच्या हाताने कात्री लावावी, हे मला आता जपून ठेवण्यापेक्षा बरं वाटतं. डांबराच्या गोळ्या बदलणं म्हणजे आठवण काढणं, अशी मी इतकी वर्षं समजूत करून घेतली होती. खरं तर त्या अर्ध्या तासात मी साड्या मोजायचो, बाकी काही नाही.

पलीकडच्या आळीतल्या वाकळ शिवणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी ढीग पाहिला, एकेक साडी दोन बोटांत चोळून पाहिली आणि जोड-धाग्याच्या बाजूला केल्या. "ह्या नगं गुर्जी. सरकत्यात. निव्वळ सुती द्या. आन् लई जुनी बी नगं, टाका धरत न्हाई." म्हणजे इथेही नियम आहेतच! कुठली साडी वरच्या बाजूला, कुठली आतल्या थराला, मऊ कुठे, दणकट कुठे, हे त्यांनी पाच मिनिटांत लावून टाकलं. खडूचे डाग असलेल्या दोन मी वरच्या बाजूला घ्यायला सांगितल्या. त्या म्हणाल्या डाग दिसतील. मी म्हटलं दिसूदेत.

तीन वाकळी झाल्या. एक नातवासाठी बाजूला ठेवली आहे, एक माझ्या पलंगावर आहे. तिसरी धाकटीसाठी आहे. ती अजून न्यायला आलेली नाही. घाई नाही, दिवाळीला येईलच. निळी इरकली तिच्याच वाकळीत वरच्या बाजूला आहे, एवढं इथे सांगून ठेवतो.

गाडीचं राहिलंच. डाळिंबी रंग दिला, फवाऱ्याच्या डब्याने, तीन पातळ हात, मध्ये एकेक दिवस. तिसऱ्या हाताला एक माशी येऊन बसली आणि पुन्हा घासण्यापासून सुरुवात! बोनेट नाहीच, त्यामुळे इंजिन सगळं दिसतं. मी निघालो त्याच्या आदल्या रात्री बुवांनी ती माझ्यापुढे सरकवली. मी म्हटलं, ही तुमच्या भावाची गाडी, तुमच्याकडेच राहूदे. मग त्यांनी उरलेल्या भागांचा एक डबा भरून दिला. १९३२ ची बॉडी, मॉडेल ए ची चासी, चार-पाच प्रकारची चाकं, दोन जादा हेड. मुंबईला कस्टमवाल्या पोराने तो उघडून पाहिला आणि विचारलं, "काका, हे सगळं तुटलेलं आहे का?"

परवा व्हिडिओवर बुवा दिसले. हात आणखी कापतो. त्या तिसऱ्या डब्यातली १९४० ची बॉडी अजून टेबलावरच आहे म्हणाले. नातू शनिवारी जातो आणि तिच्या दाराच्या कडा घासतो. माझ्याकडच्या चाकांतली मागची मोठी जोडी पोस्टाने पाठवता येईल का, असं दोघांनी विचारलंय.

आणि आज सकाळी वाकळवाल्या बाई येऊन गेल्या. पिशवीभर काठ उरलेत, टाकू का ठिवू, विचारत होत्या. ठेवा म्हटलं.